गुरुवार, आभाळ कोरडं

गुरुवार, म्हणजे नारायण पेठेत लाइट नाही.
दुकानाचं शटर अर्धं वर, कॉम्प्युटर बंद,
आणि मी एरंडवण्यात, तिसऱ्या मजल्यावर,
खाजगीवाले बाईंच्या जेवणाच्या टेबलाशी
भाच्याकडून उसना आणलेला टॅब
ताकाच्या भांड्याला टेकवून उभा करते आहे.

बाईंचा मोतीबिंदू काढून नऊ दिवस झालेत.
"कागदावरचं बारीक दिसत नाही गं अजून,
मोठं करून दाखव."
म्हणून हा खटाटोप.
"पण पुस्तक तुझ्या दुकानात आहे ना?"
आहे. आणि इथेही आहे. क्लाउडवर ठेवलंय, बाई.
त्या उठल्या, गॅलरीत गेल्या,
काळा चश्मा कपाळावर सारून
चैत्राचं आभाळ बघून आल्या,
घासून पालथ्या घातलेल्या परातीसारखं.
"कुठल्या?" म्हणाल्या.

पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला.
मग आठवलं, तौफिकने बदललाय:
त्याच्या मांजरीचं नाव आणि पेठेचा पिनकोड.
निळं चाक फिरायला लागलं, फिरतच राहिलं.
बाईंनी खारे दाणे पुढे केले.
शेवटी उतरली:
गवत_फायनल_खरंच फायनल_३.

फाइल उतरली. अक्षरं उतरली नाहीत.
वीस वर्षं ज्या फॉण्टवर माझं घर चाललं
त्याला ही काच ओळखत नव्हती.
मारवेल, पवन्या, शेडा, कुसळी,
सगळ्यांच्या जागी पौंडाची चिन्हं,
उलटी प्रश्नचिन्हं, टोप्या घातलेली परकी अक्षरं,
दोनशे चाळीस पानं.
माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.
बाई मात्र वाकल्या, नाक काचेला लागेस्तोवर,
वेताळ टेकडीवर गुडघे टेकून वाकायच्या तशा.
"हा बुटका बघ, सारखा जोडीनंच येतो.
आणि हा टोपीवाला ओळीच्या सुरुवातीला कधीच नाही.
काहीतरी कुळ आहे यांचं."
अहो बाई, कचरा आहे हा.
"गवताला लोक हेच म्हणतात."

तौफिकला फोन लावला.
यूपीएसमध्ये किती जीव आहे?
"अकरा मिनिटं, ताई. तीही त्याचा मूड असेल तर."
पीडीएफ कर, फॉण्ट आत बसव, त्याच फोल्डरमध्ये टाक,
नेट तुझ्या मोबाइलचं लाव.
मागे यूपीएस पिल्लासारखा चिवचिवत होता.
मग फोनच कटला.

आम्ही काचेकडे बघत बसलो.
बाई मारवेल सांगायला लागल्या, पान न बघता:
पेरापेरावर लव, गुरं आधी हिलाच तोंड लावतात,
आणि नळस्टॉपच्या मागच्या बोळात, ब्याऐंशी साली,
एका पंक्चरवाल्याच्या टायरमधून वर आलेली,
तो तिला रोज उरलेला चहा घालायचा.
हे पुस्तकात कुठे आहे? मी विचारलं.
अख्खं मीच तर जुळवलं होतं.
"नाही. हे आत्ता आठवलं."

आणि फोल्डरमध्ये एक नवं नाव वर आलं.
बाईंनी दोन बोटांनी पान फाकवलं,
'मूळ'मधला ळ ताटलीएवढा झाला.
खूश होऊन त्यांनी आणखी फाकवलं,
सरकवत सरकवत गेल्या, थांबल्या.
"कुंद्यावरचा अनुस्वार कुठे गेला?"
सहा प्रुफं झाली होती.
सहाही वेळा मी त्यावरून गेले होते.

दाराशी त्यांनी विचारलं,
"आणि ढगफुटी झाली तर?"
प्रिंट आहे, बाई. पलंगाखाली.
"कुणाच्या?"
माझ्या.
"मग ठीक. आणि ते टोपीवाले पुसू नकोस एवढ्यात."

म्हात्रे पुलावर बॅटरी चार टक्के.
चहा पिणारी ती मारवेल
कुठल्या पानावर बसवायची, एक ओळ वाढली
तर पुढचं सगळं सरकणार,
मागचा रिक्षावाला हॉर्न देतोय, सिग्नल कधीचा सुटलाय.